स्कोलेसाइट

स्कोलेसाइट : झिओलाइट गटातील एक खनिज. स्फटिक एकनताक्ष, सुईसारखे किंवा बारीक प्रचिनाकार. प्रचिनाच्या फलकांवर उभ्या रेखा असतात. एका बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या सुयांचे अरीय झुबके आणि तंतुमय पुंज या स्वरूपांत ते बहुधा आढळते. जुळे स्फटिक सर्रास आढळतात व अशा स्फटिकांवरील रेखा मधल्या जोडावर पाचरीप्रमाणे एकमेकींना मिळालेल्या दिसतात. पाटन दोन दिशांनी चांगले. ठिसूळ. कठिनता ५–५.५. वि. गु. २.२५–२.२९. चमक काचेसारखी, तंतुमय प्रकाराची रेशमासारखी. रंगहीन किंवा पांढरे, क्वचित गुलाबी वा पिवळसर छटा. कस पांढरा. रा. सं. कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांचे सजल सिलिकेट. शुद्ध खनिजात कॅल्शियम ऑक्साइड सुमारे १४.३ टक्के व पाणी सुमारे १३.८ टक्के असते. ते दाबविद्युत् व उत्तापविद्युत् आहे, म्हणजे दाबले अथवा तापविले असता त्याच्या स्फटिकाच्या दोन टोकांवर परस्परविरुद्ध विद्युत् भार उत्पन्न होतात.

फुंकनळीच्या ज्योतीत धरली असता या खनिजाची सुई आळीसारखी वळवळत आखडते आणि मग वितळते. आळी वा कृमी या अर्थाच्या ‘स्कोलेक्स’ या ग्रीक शब्दावरून त्याला स्कोलेसाइट हे नाव मिळाले आहे. बंद नळीत तापविल्यास पाणी बाहेर पडून नळीच्या थंड भागावर त्याचे थेंब जमतात. अम्लात विरघळल्यावर खळीसारखा थलथलीत पदार्थ उरतो. हे गुणधर्म सांगण्यास सोपे असले, तरी केवळ पाहून हे खनिज खात्रीने ओळखता येत नाही. नॅट्रोलाइट व मेसोलाइट ही त्याच्या अगदी जवळची दोन खनिजे असून तिन्हींच्या सुया पांढऱ्या, तिन्हींचे झुबके अरीय आणि तिन्हींची घरे एकच, म्हणजे बेसाल्टातील पोकळ्या. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र भेद उघड होतो : नॅट्रोलाइटाची सुई तिच्या लांबीशी समांतर असताना काळी पडते, तर स्कोलेसाइटाची सुई सुमारे १७°–१८° तिरकी झाल्यावर.

उद्योगधंद्यांत स्कोलेसाइटाला स्थान नाही. पाणी मृदू करण्यास, वायू शुद्ध करण्यास किंवा खनिज तेलाच्या शुद्धीकरणात जे झिओलाइट वापरतात, ते एकतर कृत्रिम असतात किंवा क्लिनोप्टिलोलाइटासारखी इतर नैसर्गिक खनिजे असतात. असे असूनही खनिजविज्ञानाच्या इतिहासात स्कोलेसाइट व त्याच्या दोन भावंडांनी बरीच जागा अडविली आहे, कारण ‘एक खनिज’ कशाला म्हणावे, हा प्रश्न त्यांनी सव्वाशे वर्षे धसास लागू दिला नाही. या वादात पुण्याच्या एका नमुन्यालाही काही काळ स्वतंत्र नाव व प्रतिष्ठा लाभली होती.

इतिहास : झिओलाइट हे नाव ॲक्सेल फ्रेड्रिक क्रूनस्टेट (१७२२–६५) या स्वीडिश खनिजवैज्ञानिकांनी १७५६ मध्ये दिले. लॅपलँडमधील एका तांब्याच्या खाणीतून व आइसलँडमधून आलेले काही दगड फुंकनळीखाली तापविताच उकळल्याप्रमाणे फुगतात व फेसाळतात, असे त्यांना दिसले. उकळणे व दगड या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव बनविले. फुंकनळी हे त्या काळच्या खनिजवैज्ञानिकाचे मुख्य हत्यार होते. हीच नळी पुढे नॅट्रोलाइट गटाच्या अभ्यासात एकदा मदतीस आली व अनेकदा अपुरी पडली. क्रूनस्टेट यांच्या दृष्टीने झिओलाइट हे एकच खनिज होते. त्याच्या पोटात कितीतरी खनिजे दडलेली आहेत, याची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती.

जर्मनीत आब्राहाम गोटलोप व्हेर्नर यांनी झिओलाइटाचे तंतुमय, सुईसारखे, पत्र्यांसारखे असे बाह्यरूपावरून प्रकार पाडले. फ्रान्समध्ये रने झ्यूस्त आयुई (१७४३–१८२२) यांनी या पद्धतीला हरकत घेतली. खनिजाची ओळख त्याच्या स्फटिकाच्या भूमितीवरून पटते, रंगरूपावरून नव्हे, असे त्यांचे मत होते. त्यांनी सुयांच्या रूपातील झिओलाइटाला मेसोटाइप हे नाव दिले व पत्र्यांसारख्या झिओलाइटाला स्टिल्बाइट म्हटले. भूमितीच्या या कसोटीने स्टिल्बाइटासारखी खनिजे बाजूला काढता आली, परंतु मेसोटाइपाच्या बाबतीत तिचा निरुपाय झाला. नॅट्रोलाइट, मेसोलाइट व स्कोलेसाइट यांच्या प्रचिनांचे कोन एक अंशाच्या आतबाहेर सारखेच आहेत आणि केसासारख्या सुईवर इतका बारीक फरक मोजणे त्या काळी अवघड होते. दरम्यान १८०३ मध्ये मार्टिन हाइन्रिख क्लापरोट यांनी जर्मनीतील होएनट्व्हील येथील एका खनिजाचे विश्लेषण केले. त्यात त्यांना भरपूर सोडियम (नॅट्रॉन) आढळले, म्हणून त्यांनी त्याला नॅट्रोलाइट हे नाव दिले.

म्यूनिकचे ॲडोल्फ फेर्डिनांट गेलेन व योहान नेपोमुक फोन फुक्स यांनी १८१३ मध्ये या गुंत्यात हात घातला. व्हेर्नर यांचा झिओलाइट म्हणजेच आयुई यांचे मेसोटाइप व स्टिल्बाइट, असे धरून त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण केले. मेसोटाइप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही नमुन्यांत सोडियम जवळजवळ नव्हते. त्याच्या जागी कॅल्शियम होते. फुंकनळीखाली वळवळणारी सुई ती हीच. तिला त्यांनी स्कोलेसाइट म्हटले. काही नमुन्यांत मात्र सोडियम व कॅल्शियम दोन्ही आढळली. १८१६ मध्ये या तिसऱ्या प्रकाराला मेसोलाइट, म्हणजे मधला दगड, हे नाव मिळाले. त्यापूर्वीच, १८१५ मध्ये, प्रयोगशाळेत आर्सिनाच्या विषारी वायूने गेलेन यांचा मृत्यू झाला होता.

मेसोलाइटाच्या नावानेच नवा वाद उभा राहिला. ‘मधले’ हे खरोखर स्वतंत्र खनिज आहे, की नॅट्रोलाइट व स्कोलेसाइट यांच्या सुया एकत्र वाढून झालेले मिश्रण? रासायनिक विश्लेषणासाठी नमुना कुटून त्याची पूड करावी लागते आणि पुडीतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आयुई यांची भूमिती सुईच्या बारीकपणापुढे अडली होती, तर रसायनशास्त्र खलबत्त्यापाशी अडले, असे म्हणता येईल.

पूनालाइट : पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) दख्खनमध्ये कंपनी सरकारचे अधिकारी, वैद्य व लष्करी अभियंते यांचा वावर वाढला व येथील बेसाल्टात सापडणारी रेखीव स्फटिके इंग्लंडमधील संग्राहकांच्या हाती पडू लागली. मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी दख्खनच्या काही भागाच्या भूविज्ञानावर लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. एकावर एक रचलेल्या लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेल्या या प्रदेशाचे ते एक आरंभीचे पद्धतशीर वर्णन होय. स्फटिकांची कीर्ती मात्र साइक्स यांच्या निबंधापूर्वीच तेथे पोहोचली होती.

हेन्री जेम्स ब्रुक (१७७१–१८५७) हे इंग्लंडमधील नामांकित स्फटिकवैज्ञानिक होते. व्यापारी व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात ते स्फटिकांचे कोन मोजीत. स्टिल्बाइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खनिजातून एक स्वतंत्र खनिज त्यांनी १८२२ मध्ये वेगळे काढले होते व हेन्री ह्यूलँड या संग्राहक-विक्रेत्याच्या नावावरून त्याला ह्यूलँडाइट हे नाव दिले होते. तो निर्णय काळाच्या कसोटीस उतरला. १८३१ मध्ये त्यांनी पुण्याहून आलेल्या पांढऱ्या सुयांचे कोन मोजले. ते नॅट्रोलाइटाच्या कोनांशी जुळत नाहीत असे आढळल्यावरून त्यांनी हे नवे खनिज असल्याचे जाहीर करून त्याला पूनालाइट हे नाव दिले. नंतर जर्मनीत झालेल्या विश्लेषणात या खनिजात कॅल्शियम असल्याचे दिसले, म्हणजे नॅट्रोलाइटाहून ते वेगळे आहे ही ब्रुक यांची समजूत बरोबर होती. परंतु ‘नॅट्रोलाइट नव्हे’ म्हणजे ‘नवे’ असे होत नाही. रसायन व प्रकाशीय गुणधर्म यांच्या पुढील तपासण्यांत पूनालाइट आधीच नाव मिळालेल्या खनिजांपैकीच असल्याचे उघड झाले. कोणी ते स्कोलेसाइटात घातले, तर कोणी मेसोलाइटात. खनिजांच्या यादीतून पूनालाइट गळाले आणि समानार्थी म्हणून रद्द झालेल्या नावांच्या सूचीत जाऊन बसले.

सह्याद्रीच्या वाट्यालाही असेच एक नाव आले. अमेरिकन खनिजवैज्ञानिक चार्ल्स अपहॅम शेपर्ड यांनी १८६५ मध्ये मुंबई इलाख्यातील घाटातून आलेल्या एका हिरव्या झिओलाइटाला सह्याद्रीवरून सिहेड्राइट हे नाव दिले. ते पुढे अशुद्ध स्टिल्बाइट ठरले. पूनालाइटामागे निदान एका काटेकोर मोजणीचा आधार होता, तितकाही सिहेड्राइटामागे नव्हता.

ही दोन्ही नावे गेली याची खंत वाटण्याचे कारण नाही. चुकीची दुरुस्ती झाली एवढेच. खंत वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. पूनालाइटाचा मूळ नमुना पुण्याच्या आसपास नेमका कोठे, कोणत्या थरात, विहिरीत की ओढ्याच्या काठी सापडला, याचा उलगडा नावावरून होत नाही. त्या काळच्या इंग्रजी संग्रहांत ‘पूना’ ही जवळजवळ अवघ्या पश्चिम दख्खनची खूण होती. लष्करी छावणी व बाजारपेठ पुण्यास असल्याने आसपासच्या मुलखातले जे काही निघे, ते पुण्यातून जाई आणि पुण्याचे म्हणून ओळखले जाई. खनिजाचे नाव चुकले तर शंभर वर्षांनीही प्रयोगशाळेत सुधारता येते. ठिकाणाची नोंद चुकली वा मोघम राहिली, तर ती कोणत्याही उपकरणाने परत मिळत नाही.

घाटातील लोहमार्ग : झिओलाइट खनिजे बेसाल्टाच्या पोटात असतात. पृष्ठभागावर आली की ऊन, पाऊस व झाडांची मुळे यांमुळे ती लवकर झिजतात व फुटतात. त्यामुळे चांगले नमुने मिळतात ते कोणीतरी ताजा खडक फोडतो तेव्हाच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली यांच्या देखरेखीखाली १८५६ मध्ये बोरघाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले व १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किमी. लांबीच्या चढणीत २५ बोगदे खोदावे लागले व मार्ग ५५० मी. हून अधिक उंच चढविण्यात आला. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या घाटात राबत होते. पटकीच्या साथीत व अपघातांत त्यांपैकी अनेक दगावले. थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांचा इतका लांब, इतका उंच व इतका ताजा छेद त्यापूर्वी कोणी घेतला नव्हता. सुरुंगांनी उघड्या पडलेल्या पोकळ्यांतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफायलाइट व स्कोलेसाइट यांचे नमुने निघाले आणि ते लंडनपासून व्हिएन्नापर्यंतच्या संग्रहालयांत पोहोचले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या एफ्. आर्. मॅलेट यांनी भारतातील खनिजांवर लिहिलेला ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दख्खनच्या झिओलाइटांच्या वर्णनातही घाटांतील या छेदांना महत्त्वाचे स्थान आहे.

या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘भोर घाट’ असे ठिकाण लिहिलेले असते. ते बोरघाटाचे इंग्रजी अपभ्रष्ट रूप होय. पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या भोर गावाशी वा भोर संस्थानाशी त्याचा संबंध नाही. परदेशी ग्रंथांत या दोहोंचा घोटाळा झालेला आढळतो व त्यावरून मराठीत भाषांतर करणाऱ्यांकडूनही तो होतो. चिठ्ठीवर अभियंत्याचे, दात्याचे वा विक्रेत्याचे नाव सापडते. पहारीने पोकळीचे तोंड उघडून आतली लखलखती सुयांची जाळी पहिल्यांदा पाहणाऱ्या मजुराचे नाव सापडत नाही.

संरचना : तंतुमय झिओलाइटांचा वाद अखेर सुटला तो स्फटिकाच्या अंतर्भागात पाहण्याचे साधन मिळाल्यावर. त्याची पूर्वतयारी एकोणिसाव्या शतकात झाली. १८४० मध्ये आलेक्सी दामूर यांनी झिओलाइटातील पाणी उष्णतेने घालविले तरी स्फटिक मोडत नाही व दमट हवेत तो पाणी पुन्हा शोषून घेतो, असे दाखविले. १८५८ मध्ये आइखहोर्न यांनी क्षारांच्या विद्रावात ठेवलेल्या झिओलाइटातील कॅल्शियम व सोडियम यांची अदलाबदल होते व ती उलटही करता येते, असे दाखवून दिले. यावरून पाणी व हे आयन खनिजाच्या मूळ चौकटीचा भाग नसून चौकटीतील रिकाम्या जागांत सैल वस्ती करून राहिलेले असावेत, असे अनुमान निघत होते.

क्ष-किरणांच्या साहाय्याने लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्ये नॅट्रोलाइटाची संरचना उलगडली आणि १९३३ मध्ये डब्ल्यू. एच्. टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व तंतुमय झिओलाइटांच्या संरचनेचा विचार मांडला. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे प्रत्येकी चार ऑक्सिजनांनी वेढलेले चतुष्फलक एकमेकांना जोडून साखळ्या तयार होतात. या साखळ्या स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने धावतात व बाजूंनी त्यामानाने कमी बंधांनी जोडलेल्या असतात. स्फटिक सुईसारखे वाढतात व लांबीला धरून चिरफळतात ते यामुळेच. नॅट्रोलाइट, मेसोलाइट व स्कोलेसाइट या तिन्हींचा हा सांगाडा एकच आहे. भेद आहे तो सांगाड्यातील पोकळ मार्गिकांमध्ये कोण राहते यात. नॅट्रोलाइटात जेथे सोडियमाचे दोन आयन असतात, तेथे स्कोलेसाइटात कॅल्शियमाचा एक आयन व पाण्याचा एक जादा रेणू असतो. कॅल्शियमाच्या एका आयनावर सोडियमाच्या दोन आयनांइतका विद्युत् भार असल्याने हिशेब जमतो व मोकळी झालेली जागा पाणी घेते. म्हणूनच नॅट्रोलाइटात पाणी सुमारे ९.५ टक्के, तर स्कोलेसाइटात १३.८ टक्के असते. तापविल्यास स्कोलेसाइटातील पाण्याचा एक तृतीयांश भाग आधी निघून जातो व उरलेला अधिक तापमानास जातो.

मेसोलाइटात नॅट्रोलाइटासारखा एक थर व त्यानंतर स्कोलेसाइटासारखे दोन थर असा क्रम सबंध स्फटिकभर नियमाने चालतो. म्हणजे ते मिश्रण म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, परंतु हे मिश्रण सुयांचे नसून अणूंच्या थरांचे आहे आणि इतके काटेकोर आहे की त्याला स्वतंत्र खनिजच मानावे लागते. झिओलाइटांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तिन्ही नावे कायम ठेवण्यात आली. पुडीवरून काढलेले गेलेन व फुक्स यांचे अनुमान अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाने सन्मानित झाले.

आढळ व उत्पत्ती : आइसलँड, फेअरो बेटे, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा व दक्षिण ब्राझील या बेसाल्टाच्या प्रदेशांत स्कोलेसाइट आढळते. पूर्व आइसलँडमधील टाइगारहॉर्न येथील नमुने फार दिवसांपासून प्रसिद्ध आहेत. तेथे समुद्राच्या लाटा कडा कोरतात व पोकळ्या उघड्या पडतात. हे ठिकाण १९७५ मध्ये संरक्षित नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाले.

भारतात ते दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टात विपुल आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकांतील लाव्ह्याने आज सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. लाव्ह्याच्या प्रत्येक प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे कुहरी (पोकळ्यांनी भरलेला) बनतो व खालचा भाग घट्ट राहतो. विहिरी खणणारे लोक घट्ट काळ्या पाषाणाहून निराळा असा जो ‘मांजऱ्या’ खडक ओळखतात, तो बहुधा पांढऱ्या झिओलाइटांनी पोकळ्या भरलेला हा कुहरी बेसाल्टच असतो. नंतरच्या काळात खडकातून झिरपणाऱ्या कोमट ते उष्ण पाण्यात बेसाल्टातील काच व फेल्स्पार यांचा काही अंश विरघळला आणि पोकळ्यांच्या भिंतींवर नव्या खनिजांच्या रूपाने साचला. दख्खनच्या बेसाल्टात कॅल्शियमयुक्त फेल्स्पार भरपूर असल्याने येथे स्कोलेसाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट व लॉमोंटाइट ही कॅल्शियमी झिओलाइटेच प्रामुख्याने बनली. सोडियमयुक्त नॅट्रोलाइट त्यामानाने विरळ आहे. ब्रुक यांच्या हाती आलेल्या पुण्याच्या सुया नॅट्रोलाइटाशी का जुळल्या नाहीत, याचे कारण अखेर या खडकातच आहे.

खनिज कोणत्या तापमानास बनले, याची खूण म्हणूनही स्कोलेसाइट उपयोगी आहे. जी. पी. एल्. वॉकर यांनी १९६० मध्ये पूर्व आइसलँडमधील झिओलाइटांचे पट्टे नकाशावर मांडले. लाव्ह्याच्या राशीत जसजसे खाली जावे तसतसे चॅबाझाइट व थॉम्सोनाइट, मग ॲनॅल्साइम, मग मेसोलाइट व स्कोलेसाइट आणि तळाशी लॉमोंटाइट असा क्रम लागतो. हे पट्टे लाव्ह्याच्या थरांना समांतर नसून त्यांना तिरके छेदून जातात. म्हणजे ते थर साचल्यानंतर खोलीनुसार वाढलेल्या उष्णतेने ठरलेले आहेत. त्यांवरून झिजून गेलेल्या राशीचा मूळ माथा किती उंच होता, याचा अंदाज वॉकर यांना बांधता आला. आइसलँडमधील भूतापीय विंधनविवरांत प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानांशी तुलना करता मेसोलाइट व स्कोलेसाइट यांचा पट्टा सुमारे ७०°–९०° से. च्या आसपास येतो. पश्चिम भारतातील दक्षिण ट्रॅपमधील झिओलाइटांचे वितरण रु. न. सुखेसवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये विस्ताराने वर्णिले. पुढील अभ्यासकांनीही लॉमोंटाइट, स्कोलेसाइट व ह्यूलँडाइट यांच्या पट्ट्यांचा विचार केला. सर्व पोकळ्या मात्र एकदमच भरल्या असे नाही. झिओलाइटांबरोबर आढळणाऱ्या ॲपोफायलाइटाच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून काही खनिजे लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी, अगदी मायोसीन काळापर्यंत, बनत होती असे दिसते. म्हणून एखादा नमुना कोणत्या प्रवाहातून, किती उंचीवरून व कोणत्या सोबत्यांसह मिळाला, ही नोंद त्याच्या सौंदर्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाची ठरते.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नमुने मिळण्याचे मुख्य ठिकाण लोहमार्गाच्या छेदाकडून खडीच्या खाणीकडे सरकले. रस्ते, धरणे व वाढती शहरे यांसाठी पुणे, नासिक, जळगाव व मुंबईच्या आसपास बेसाल्टाच्या खाणी निघाल्या. नासिकजवळील पांडवलेण्यांच्या परिसरातील खाणींतून निघालेले स्कोलेसाइटाचे झुबके जगातील उत्तम नमुन्यांत गणले जातात. त्यांतील काही सुया दहा सेंमी. पेक्षाही लांब आहेत. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निळ्या कॅव्हान्साइटामुळे जगभर गाजल्या. हे खनिज काटेकोर अर्थाने झिओलाइट नव्हे, परंतु ते स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट यांच्याच संगतीत आढळते. विहिरींचेही महत्त्व संपलेले नाही : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे २००१ मध्ये एका विहिरीच्या खोदाईत हिरव्या ॲपोफायलाइटाचे गोलाकार झुबके सापडले व त्यांची बरीच ख्याती झाली.

खाणीत खडकाची किंमत खडीच्या भावाने होते. पोकळ्यांनी भरलेला दगड कच्चा म्हणून पूर्वी टाकून दिला जाई किंवा यंत्रात भरडला जाई. स्फटिकांना परदेशात गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर कामगार व खाणमालक ती जपून काढू लागले आणि त्यातून एक मोठा व्यापार उभा राहिला. या व्यापाराने असंख्य नमुने यंत्राच्या जबड्यातून वाचविले, हे मान्य करावयास हवे. त्याने एक जुनी खोडही कायम ठेवली. उत्तम नमुना कोठे मिळाला हे विक्रेता सहसा सांगत नाही, कारण ठिकाण हेच त्याचे भांडवल असते. त्यामुळे परदेशी संग्रहांतील कित्येक चिठ्ठ्यांवर आजही ‘पूना’ किंवा ‘नासिक’ एवढेच लिहिलेले आढळते. राज्यात राहिलेले नमुने पाहण्याची सोय सिन्नर येथील गारगोटी या संग्रहालयात आहे. वाढत्या पुण्याच्या कडेच्या काही जुन्या खाणी आता बुजल्या असून त्यांवर वस्ती झाली आहे. तेथून निघालेल्या सुयांचा प्रवाह, थर व उंची यांची नोंद आता उरलेल्या भिंतींवरून किंवा जुन्या कामगारांच्या आठवणींवरूनच करता येण्यासारखी आहे.

[→ ॲपोफायलाइट, झिओलाइट गट, दक्षिण ट्रॅप, नॅट्रोलाइट, स्टिल्बाइट].